मोरस, काळे लाकूड आणि सातपुडा

आमच्या घरी साखरेला साखर म्हणत नसत. आजी 'मोरस' म्हणायची. "चहामा मोरस जास्ती पडनी," ही तिची सुनांबद्दलची रोजची तक्रार. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात आजोबांचे किराणा दुकान होते आणि त्यांच्या वह्यांतही गूळ वेगळा, खडीसाखर वेगळी, मोरस वेगळी अशी मांडणी असे. त्या वह्यांच्या रेघा ज्या काळ्या लाकडी रुळाने आखल्या जात, तो रूळ अजून माझ्याकडे आहे. दुकान गेले, वह्या बहुतेक वाळवीने खाल्ल्या, रुळाला मात्र वाळवीने तोंड लावलेले नाही.

मोरस म्हणजे मॉरिशस, हे मला वयाच्या तिशीत कळले. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात उतरणारी पांढरी, बारीक दाण्याची साखर त्या बेटावरून यायची, म्हणून ती 'मोरस'. मुंबईहून बैलगाडीने, पुढे रेल्वेने ती खानदेशात आली. बेटाचे नाव मालाला चिकटले आणि बेट विसरले गेले. आजीला मॉरिशस कुठे आहे हे सांगितले असते तर ती हसली असती. पण एका शब्दाच्या शेपटाला धरून मागे जाण्याची मला खोड आहे. ऊस लावण्याआधी त्या बेटावर काय होते, या प्रश्नाने मला जी वाट दाखवली ती फिरून सातपुड्यात, चोपडा-यावलच्या डोंगरात येऊन पोहोचली. ती वाट इथे मांडतो.

मॉरिशस हे बेट आहे जळगाव जिल्ह्याच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढे. पण त्याचे आणि आपले नाते दगडाचे आहे. आपला काळा पाषाण, ज्यातून खानदेशची कपाशीची काळी जमीन झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या लाव्ह्याचा. त्या लाव्ह्याचा उगम ज्या तप्त ठिकाणी होता, त्यावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि ते ठिकाण मागे समुद्रात राहिले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्याच ठिकाणाने पुढे, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर काढले आणि त्यानंतर शेजारचे रियुनियन, जिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. म्हणजे सातपुड्याचा खडक आणि मोरसच्या उसाखालचा खडक एकाच चुलीवरचे. एक फार आधी उतरवलेला, एक उशिरा.

समुद्राच्या मधोमध उघड्या पडलेल्या या खडकावर झाडे आली ती वाऱ्याने, पाण्याने, पक्ष्यांच्या पोटातून. जी थोडी आली त्यांना स्पर्धा नव्हती, पाने खाणारा मोठा सस्तन प्राणी नव्हता. त्यांचे वंश आपापल्या वाटेने बदलत गेले आणि जगात दुसरीकडे कुठे नाहीत अशा जाती तयार झाल्या. कोरड्या किनाऱ्यापाशी ताडांची वने, वर डोंगरात वाऱ्यामुळे खुजी राहिलेली दाट सदाहरित झाडी, आणि मध्ये आबनूस. आबनूस म्हणजे तो काळा, लोखंडासारखा जड गाभा असलेला वृक्ष. शास्त्रीय भाषेत त्याचे कुळनाम डायोस्पायरॉस.

इथे मी थबकलो होतो, कारण हे नाव मला ओळखीचे होते. आपली टेंभुर्णी, जिला कुणी टेमरू, कुणी तेंदू म्हणते, जिच्या पानात विडी वळली जाते, ती डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. दुसऱ्या नावाचा अर्थच 'काळ्या लाकडाची'. मॉरिशसचा आबनूस आणि सातपुड्याची टेंभुर्णी ही चुलत भावंडे आहेत.

डच लोक त्या बेटावर १५९८ साली उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचे, मॉरिस याचे नाव त्याला दिले. वस्ती केली ती १६३८ मध्ये. त्यांना हवा होता तो आबनूस. युरोपात पेट्या, कपाटे, चौकटी यांना त्याची मोठी मागणी होती. आबनूस फार सावकाश वाढतो. शंभर-दोनशे वर्षांचे खोड तोडायचे, बाहेरचे पांढरे लाकूड टाकायचे आणि आतला काळा दांडा न्यायचा. त्याच डचांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणि हरणे आणली. उंदीर, डुकरे, माकडे त्यांच्याआधी किंवा त्यांच्यासोबत आलीच होती. डोडो पक्ष्याची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात संपला. पण डोडो ज्या झाडांखाली फिरायचा त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. फळे खाऊन बी पसरवणारी मोठी कासवे आणि पक्षी गेले, आणि झाडे उभी राहूनही त्यांचा वंश पुढे सरकेना, असे अनेक जातींचे झाले. डच १७१० मध्ये कंटाळून बेट सोडून गेले.

मागून फ्रेंच आले. त्यांनी जहाजबांधणीसाठी, चुन्याच्या भट्ट्यांसाठी, शेतीसाठी तोड चालूच ठेवली. पण त्यांच्यातला एक माणूस वेगळा निघाला. पिएर प्वाव्र हा १७६७ ते १७७२ या काळात बेटाचा मुलकी प्रशासक होता. मसाल्याची रोपे पळवून आणणारा म्हणून तो इतिहासाला माहीत आहे, पण मला त्याचे दुसरे काम मोठे वाटते. डोंगर बोडके झाले तर पाऊस कमी होतो, झरे आटतात आणि जमीन वाहून जाते, हे त्याने वसाहतवाल्यांपुढे भाषणांत मांडले आणि १७६९ मध्ये त्याचा नियम केला. प्रत्येक जमीनदाराने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा, शक्यतो उताराचा, झाडीखाली ठेवायचा. नदी-ओढ्याच्या काठची झाडे तोडायची नाहीत. पाऊसपाण्यासाठी जंगल राखावे असे सांगणारे जे अगदी सुरुवातीचे सरकारी कायदे आहेत त्यांत हा येतो.

हा विचार बेटावरच का सुचला? कारण बेटाला कड असते. आपल्याकडे एक डोंगर बोडका झाला तर माणूस पुढच्या डोंगराकडे जातो. विनाश क्षितिजापलीकडे ढकलता येतो. बेटावर तीस-चाळीस वर्षांत, एकाच माणसाच्या आयुष्यात, जंगल संपलेले दिसते. अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावरही हेच झाले. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात सोडलेल्या शेळ्यांनी ते बेट इतके खाल्ले की पुढे ईस्ट इंडिया कंपनीला कुंपणे घालून झाडी राखण्याची वेळ आली. इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी १९९५ च्या 'ग्रीन इम्पीरिॲलिझम' या ग्रंथात हाच धागा पकडला आहे: वसाहतींच्या राज्यांना निसर्गरक्षणाची जाणीव झाली ती बेटांवर, आणि तिथून ती भारतात आली.

ती कोणाच्या हातून आली हे पाहण्यासारखे आहे. तेव्हाचे सरकारी वनस्पतितज्ज्ञ बहुतेक सगळे डॉक्टर होते. एडवर्ड बाल्फोर भारतात येताना वाटेत मॉरिशसला थांबला आणि तिथली उजाड झालेली जमीन त्याने पाहिली. पुढे मद्रास इलाख्यात झाडे आणि पाऊस यांच्या संबंधावर तो लिहीत राहिला. आपल्या मुंबई इलाख्यात हे काम अलेक्झांडर गिब्सनने केले. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचा तो अधीक्षक होता, १८४७ मध्ये तो इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. दक्षिण कोकणातल्या डोंगरांवरची झाडी गेल्याने ओढे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, असे त्याने सरकारला कळवले होते. त्याच्यानंतर आलेल्या डाल्झेलने १८६३ मध्ये जंगलांच्या हवामानावरील परिणामाविषयी पुस्तिकाच लिहिली.

ग्रोव्ह यांचे सगळेच मला पटत नाही. मुंबईच्या गोदीला सागवान हवे होते, हे कारण पाऊसपाण्याहून जुने आणि वजनदार होते. डॉक्टरांनी झऱ्यांची काळजी केली असेल. सरकारने ती ऐकली ती लाकडाच्या भीतीने. पण विचार आला हे खरे, आणि एकदा आलेला विचार कायद्याच्या भाषेत फार सोयीने बसतो.

आता खानदेश. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे आला तेव्हा त्याची दशा वाईट होती. होळकरांच्या फौजांची लूट, १८०३-०४ चा दुष्काळ, गावेच्या गावे उठलेली आणि ओस शेतांवर रान माजलेले. तेव्हाच्या अधिकाऱ्यांना जंगल म्हणजे शत्रू वाटे. त्यात वाघ होते आणि त्यात भिल्ल होते, आणि दोघांचा बंदोबस्त एकाच भाषेत बोलला जाई. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स आउट्रमने आणि त्याच्या सोबत्यांनी पुढच्या दहा वर्षांत दोनशेहून अधिक वाघ मारल्याची नोंद आहे. झाडी तोडा, जमीन लागवडीला आणा, सारा भरा. याला कुणी विनाश म्हटले नाही. याला सुधारणा म्हटले.

मग १८६० च्या दशकात दोन गोष्टी एकदम आल्या. रेल्वे भुसावळला पोहोचली आणि तिच्याबरोबर रुळांखालच्या लाकडी स्लीपरांची आणि जळणाची भूक आली. आणि अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे कापसाचा भाव इतका वाढला की तापीकाठची होती नव्हती ती जमीन कपाशीखाली गेली. मॉरिशसमध्ये उसाने जे केले ते इथे कपाशीने केले, असे म्हणायला हरकत नाही. तिथे १८२५ मध्ये ब्रिटिशांनी साखरेवरची जकात वेस्ट इंडिजच्या बरोबरीने खाली आणली आणि बेट उसाने भरून गेले. त्या उसासाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर गेले, पुढच्या काळात मिळून साडेचार लाखांच्या आसपास. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी होते, बहुतेक रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे. आजही तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. जंगल तोडून शेतातले दगड वेचण्याचे आणि त्यांचे ढीग रचण्याचे काम या लोकांनी केले. ते काळे ढीग अजून उसाच्या शेतांत उभे आहेत. आपल्या डोंगराचे दगड फोडणारा माणूस समुद्रापार जाऊन पुन्हा तोच दगड उचलत होता. १८६६ ते ६८ च्या हिवतापाच्या साथीत यांतले हजारो मेले, आणि तेव्हा तिथल्या सरकारला पुन्हा प्वाव्र आठवला. १८८० मध्ये बेटाच्या जंगलांचा अहवाल करायला बोलावले ते हिंदुस्थानच्या वनखात्यातल्या थॉम्पसन यांना. बेटावरून निघालेला विचार सातपुडा, सह्याद्रीत अंमलात येऊन, खाकी कपडे घालून, परत बेटावर गेला.

तो खाकी कपडा म्हणजे १८७८ चा वन कायदा. जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन भाग झाले आणि सातपुड्याचा मोठा पट्टा राखीव झाला. मी हा कायदा अनेकदा वाचला आहे. त्यात पाऊस नाही, झरे नाहीत, गुन्हे आहेत. लाकूड तोडणे, गुरे चारणे, राब जाळणे, मोहाची फुले वेचणे, दगड उचलणे. काल जे जगणे होते ते आज गुन्हा झाले. मॉरिशसमध्ये प्वाव्रचा नियम जमीनदारावर होता: तुझ्या जमिनीतला चौथा हिस्सा तू राख. इथे तोच विचार आला तेव्हा बोजा पडला भिल्ल-पावऱ्यांवर, ज्यांच्या नावावर एक काडीही नव्हती. कपाशीवाल्या जमीनदाराला कुणी बांधावर चार झाडे राख म्हटले नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी गोम ही आहे, आणि वनरक्षणावर बोलणारी आमची शहरी मंडळी नेमकी तिथेच गप्प बसतात. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत संसदेने 'ऐतिहासिक अन्याय' असा शब्द वापरला, तो कबूल करायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला.

मूळ विचार बरोबर होता का, हेही विचारले पाहिजे. बेटावर तो बराचसा बरोबर होता. डोंगरमाथ्यावरची झाडी ढगातले पाणी अडवते, पाने ठिबकतात, ओढे वाहतात. खानदेशात पाऊस येतो तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याने, सह्याद्री ओलांडून, उरलासुरला. तो सहाशे-सातशे मिलिमीटर असायचा तसा राहतो. आपल्या टेकडीवरच्या झाडांनी तो फारसा वाढत नाही. झाडे करतात ते दुसरे काम: पडलेले पाणी धरतात, माती धरतात, झरा मार्च-एप्रिलपर्यंत जिवंत ठेवतात. यावल अभयारण्यातल्या पालकडे जाताना हे डोळ्यांनी दिसते. जिथे अंजन उभा आहे तिथल्या नाल्यात ओल असते.

अंजनाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण तो आपला आहे. फुलपाखराच्या पंखांसारखे जोडपान, फिकट राखाडी साल, वाऱ्याने गिरक्या घेत जाणारी चपटी शेंग. लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. घाणीला, गाडीच्या चाकाला, घराच्या खांबाला तेच. जिथे माती नावालाही नाही अशा काळ्या खडकाच्या भेगेत त्याचे मूळ उतरते. मॉरिशसच्या उघड्या लाव्ह्यावर पहिली झाडे कशी रुजली असतील हे ज्याला पाहायचे असेल त्याने विमानाचे तिकीट काढू नये. चोपड्याहून सातपुड्यात शिरावे आणि अंजनाची मुळे पाहावीत. त्याच्यासोबत डोंगराच्या कोरड्या अंगाला सालई, धावडा, आणि खाली टेंभुर्णी.

गंमत अशी की आपण बेटावरची झाडे मागवून घेतली आणि आपली विसरलो. जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर मे महिन्यात पेटणारा गुलमोहर हा मूळचा मादागास्कर बेटाचा. बोजेर नावाच्या वनस्पतितज्ज्ञाने तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथून मॉरिशसला आणला आणि तिथून तो जगभर गेला. अंगणातली सदाफुली मादागास्करचीच. उलट घाणेरी अमेरिकेची. तिने मॉरिशसचे रानही खाल्ले आणि सातपुड्याचेही. मॉरिशसमध्ये चांगल्या स्थितीतले मूळचे जंगल आता दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे, आणि त्यातही परदेशी पेरूचे रान इतके घुसले आहे की माणसे ठेवून ते उपटावे लागते. क्युरपाइप गावच्या बागेत एका जातीचा ताड आहे. जगात त्या जातीचे ते एकच झाड. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावर तर १९८० साली, संपली म्हणून लिहून टाकलेल्या रानकॉफीचे एक झुडूप एका शाळकरी मुलाने वर्गात आणलेल्या फांदीवरून सापडले.

आपल्याकडेही असे एक सापडणे झाले आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडासारखा पक्षी. त्याचे १८८० च्या दशकातले नमुने जेम्स डेव्हिडसनने आपल्या खानदेशातून जमवले होते. नंतर शंभरावर वर्षे तो कुणाला दिसला नाही. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला पुन्हा पाहिला. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट असा तुटक तुटक सापडत गेला. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांवरच्या जातींचा सिद्धांत मांडला: बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितक्या जाती कमी टिकतात. पुढे लोकांच्या ध्यानात आले की शेतांनी वेढलेले जंगलही बेटच असते. कपाशी, केळी आणि उसाच्या समुद्रात सातपुड्याचे एकेक तुकडे उभे आहेत. रानपिंगळा हा त्या अर्थाने बेटावरचा पक्षी.

आणि नंदुरबार जिल्ह्यात तर खरीखुरी बेटे झाली. सरदार सरोवराचे पाणी १९९० च्या दशकात मणिबेलीला लागले. अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावे त्या पाण्याच्या तडाख्यात आली. महाराष्ट्रातले ६,४८८ हेक्टर वनक्षेत्र बुडितात धरले गेले. नर्मदाकाठच्या कित्येक डोंगरांचे माथे पाण्याने वेढले गेले. लोक त्यांना 'टापू' म्हणतात. विस्थापितांना जमीन द्यायची म्हणून १९९० मध्ये तळोद्याचे सुमारे २,७०० हेक्टर राखीव जंगल मोकळे करण्यात आले. म्हणजे एक जंगल पाण्यात गेले, त्यातल्या माणसांसाठी दुसरे तोडले गेले, आणि ज्या जंगलात काडी मोडली म्हणून त्यांच्याच भाऊबंदांच्या आज्यांनी दंड भरले होते ते एका सरकारी आदेशाने राखीव राहिले नाही. मी त्या टापूंपैकी एकावर होडीने गेलो आहे. वर सालईची पाच-सात झाडे, मोहाची दोन, आणि एक शेळी. सेंट हेलेनाची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. शेळीवाल्या आजीला मात्र शेळीशिवाय तिथे काय उरले होते?

टेंभुर्णीचे सांगायचे राहिले. मॉरिशसचा आबनूस गाभ्यासाठी तोडला गेला आणि जवळजवळ संपला. आपली टेंभुर्णी उरली, कारण आपल्याला तिचा गाभा नको, पान हवे. दर साल फेब्रुवारी-मार्चमध्ये तिची झुडपे छाटतात, एप्रिल-मेमध्ये कोवळे, रुंद पान येते, पहाटे बायका ते तोडून आणतात आणि घरात बसून पुडे बांधतात. १९६९ च्या राज्य कायद्याने हा व्यापार सरकारने हाती घेतला. छाटले की ती मुळांतून पुन्हा फुटते. मरत नाही, पण वाढतही नाही. गुडघाभर, कमरेभर. काळा गाभा भरायला जी साठ-सत्तर वर्षे लागतात ती तिला मिळत नाहीत. सातपुड्यात मोठी, खोडावर मगरीच्या पाठीसारखी काळी साल फुटलेली टेंभुर्णी आता देवाच्या जागी, नाहीतर बांधावर एखादी.

गेल्या वर्षी आजोबांचा तो रूळ मी गावातल्या जुन्या सुताराला दाखवला. त्याने पटाशीने टोकाला जरासे खरवडले, हुंगले, हातात तोलले. "टेंभुर्णीना गाभा शे हाऊ," तो म्हणाला. "आते अशी लाकूड भेटस नही." रूळ परत देताना त्याने खरवडलेल्या जागी बोटाने तेल लावले.